करवतीचे दांत

नागपुराहून दक्षिणेस जाणारा मोठा रस्ता वर्धा जिल्ह्यांतील जाम या गांवापाशीं दुभंगतो. एक फांटा हिंगणघाटावरून पांढरकवड्याकडे आणि पुढें हैदराबादेकडे उतरतो, तर दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूर-बल्लारपुराकडे वळतो. या दुसऱ्या फांट्यानें चांद्याकडील जंगलांतलें सागवान मालमोटारींतून नागपुरास येतें. जामच्या चौकांत अशी एखादी मोटार क्षणभर थांबली, म्हणजे ओंडक्यांचीं गोल तोंडें मागच्या बाजूनें ओळीनें दिसतात. त्यांवर वनखात्याच्या हातोड्याचे शिक्के असतात. आणि शिक्क्यांखालीं, वाचणाऱ्यास वाचतां येईल असा, आणखी एक लेख असतो. तो म्हणजे हत्याराची खूण. कुऱ्हाडीनें तोडलेल्या बुंध्याचें टोंक तासलेल्या पेन्सिलीसारखें निमुळतें असतें. दोघांनीं ओढलेल्या करवतीनें कापलेलें तोंड सपाट असून त्यावर बारीक, किंचित् वांकलेल्या रेघा असतात. सांखळी-करवतीचा काप सपाट खरा, परंतु त्याच्या रेघा जाड व खरबरीत असतात, आणि हातकरवतीच्या चिरेंत जेवढें लांकूड भुसा होऊन जातें त्याहून पुष्कळच अधिक त्या कापांत खर्ची पडलेलें असतें. या तीन खुणांमध्यें गेल्या पावणेदोनशें वर्षांचा लांकूडतोडीचा इतिहास सांठवलेला आहे. इंजिनाच्या गडगडाटामुळें तो यंत्राचा इतिहास वाटतो. बारकाईनें पाहिल्यास तो दांताचा आणि दांताला धार देणाऱ्या हाताचा इतिहास आहे.

कुऱ्हाड हें या प्रदेशाचें मूळ हत्यार. तिला धार एकच. ती गांवच्या लोहाराकडून पाजवून घ्यावयाची आणि दगडावर घासून राखावयाची. परंतु कुऱ्हाडीनें मोठें झाड पाडावयाचें तर बुंध्यांत पाचरीच्या आकाराची रुंद खांच घ्यावी लागते, आणि ही खांच जेथें पडते तेथेंच झाडाचें सर्वांत जाड व मोलाचें लांकूड असतें. हातभर सागवान अशा रीतीनें ढलप्या होऊन जमिनीवर पडे. घराचे वांसे, नांगर आणि बैलगाडीचें जूं एवढ्यापुरतीच तोड होती तोंवर या नासाडीचा हिशेब कोणी मांडला नाहीं. ढलप्या चुलींत जात.

हिशेब मांडण्याची वेळ रेल्वेनें आणली. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें गाडी धांवली आणि १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ नागपुरास पोंचले. वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींकडे जाणारा फांटा त्यानंतरच्या दशकांत झाला. एका मैलाच्या रुळांखालीं पावणेदोन ते दोन हजार लांकडी स्लीपर लागत. ते घडविण्यासाठीं कंत्राटदारांनीं जंगलांत जीं माणसें घातलीं, त्यांच्या हातीं बहुधा कुऱ्हाडीच होत्या. चांगल्या जाडीच्या ओंडक्यांतून तासून तासून एक किंवा दोन स्लीपर निघावेत आणि बाकीचें जागींच कुजावें, अशी तऱ्हा. मध्यप्रांताच्या वनखात्यांत काम केलेले कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांच्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत या बेसुमार तोडीची हकीकत आलेली आहे. दरम्यान १८६४ सालीं हिंदुस्थानचें वनखातें स्थापन झालें, जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस हे त्याचे पहिले मुख्य अधिकारी झाले, आणि १८६५ व १८७८ सालच्या कायद्यांनीं जंगल सरकारी कुंपणांत गेलें. जे पिढ्यान् पिढ्या त्या जंगलावर जगले त्यांनाच तेथें कुऱ्हाड नेण्यास मज्जाव झाला, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू होय. ती सोडून केवळ नासाडी थांबल्याचें कौतुक करणें न्यायाचें होणार नाहीं.

लांकूड वांचवावयाचें तर करवत हवी. झाड ज्या बाजूस पाडावयाचें त्या बाजूस कुऱ्हाडीनें लहानशी खांच घेतात, मग दोन माणसें समोरासमोर गुडघे टेकून विरुद्ध बाजूनें लांब करवत चालवितात, आणि चीर मिटून पातें अडकूं नये म्हणून मागून पाचर ठोकतात. या जोडीचा एक नियम फार जुना आहे: ज्यानें त्यानें आपल्याकडे ओढावें, पलीकडे ढकलूं नये. ढकलल्यास पातें वांकतें आणि जोडीदाराचा दम उगाच खर्च होतो. दोन माणसांचा श्वास जेथें एका लयींत पडत नाहीं तेथें ही करवत चालत नाहीं.

तिच्या दांतांची रचना समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढचें सारें त्यावरच अवलंबून आहे. लांकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. पऱ्हाट्यांची मोळी दोरीनें घट्ट आवळावी तशी. ही मोळी आडवी कापावयाची असेल तर प्रथम प्रत्येक तंतु दोन ठिकाणीं छेदावा लागतो, आणि मग मधला तुकडा उचलून बाहेर टाकावा लागतो. म्हणून आडव्या कापाच्या उत्तम करवतीला दोन जातींचे दांत असतात. एक सुरीसारखे, आळीपाळीनें डावीउजवीकडे किंचित् फांकविलेले. दुसरे बोथट, थोडे आंखूड, खरवडून भुसा बाहेर काढणारे. आंखूड दांत किती आंखूड असावेत, यांतच कारागिरी आहे. ते उंच राहिले तर सुऱ्या लांकडाला पोंचत नाहींत. फार खालीं गेले तर करवत अधाशासारखी लांकडांत रुतते व थबकते. अमेरिकेंतील लांकूडतोडीच्या छावण्यांत केवळ करवती घासण्यासाठीं स्वतंत्र पगारी माणूस असे, यांत नवल नाहीं.

उभ्या चिरकामाची तऱ्हा निराळी. ओंडका उंच घोडीवर चढवून किंवा खड्ड्यावर आडवा टाकून त्यावर गेरूच्या दोरीनें रेघ मारावयाची. एक आरेकरी वर उभा, एक खालीं. वरच्यानें रेघ सांभाळावयाची, खालच्यानें जोर लावावयाचा. सारा भुसा खालच्याच्या डोळ्यांत आणि छातींत जाई. जुन्या वाड्यांच्या तुळया व तक्तपोशी अशा दोन माणसांच्या घामांतून उतरल्या आहेत, आणि त्यांतल्या वरच्याची मजुरी व खालच्याची मजुरी यांत फरक असो वा नसो, आयुष्याच्या लांबींत तो असलाच पाहिजे.

सांखळीला दांत बसविण्याची कल्पना प्रथम लांकूडतोड्यांना सुचली नाहीं; ती वैद्यांना सुचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन व जेम्स जेफ्रे या डॉक्टरांनीं हाड कापण्यासाठीं दोन टोंकांस मुठी असलेली दांतेरी सांखळी वापरण्याची योजना केली. १८३० सालीं बर्नहार्ड हाइने या जर्मन शस्त्रवैद्यानें तिला हातानें फिरविण्याचें चक्र आणि आधाराला पट्टी दिली. पट्टीभोंवतीं फिरणारी दांतेरी सांखळी, हें आजच्या यंत्राचें रूप तेथें हुबेहूब दिसतें. फक्त तें तळहाताच्या मापाचें होतें. गुंगीचें औषध सांपडण्यापूर्वींचा तो काळ. हाड लवकर कापलें जाणें ही रोग्यावर मोठीच दया होती.

१९०५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यानें कॅलिफोर्नियांतील अजस्र रेडवुड वृक्षांसाठीं न संपणाऱ्या सांखळी-करवतीचें पेटंट घेतलें. उपयोगी यंत्र मात्र जर्मनींत तयार झालें. १९२६ सालीं आंद्रेयास श्टील यानें विजेवर चालणारी करवत केली. १९२७ सालीं एमिल लेर्प यानें थुरिंजियांतील डोलमार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखविली व त्या डोंगराचेंच नांव आपल्या मालाला दिलें. तिचें वजन ५८ किलो होतें, म्हणजे जुन्या मापानें दीड मणाहून थोडें अधिक. श्टीलचें १९२९ सालचें पेट्रोल-यंत्र ४६ किलोचें होतें. दोन माणसांचें काम एका यंत्रानें करावयाचें आणि तें यंत्र उचलावयास पुन्हां दोन माणसें लावावयाचीं, अशी पहिलीं वीस वर्षें गेलीं.

अडचण वजनाची होती, तशीच दांतांचीहि होती. सांखळीवर बसविलेले दांत जुन्या आडव्या करवतीचेच होते: सुरीसारखे आणि खरवडणारे. हाताच्या संथ ओढीसाठीं घडलेले हे दांत इंजिनाच्या वेगांत लवकर बोथट होत, आणि ते घासण्यांत जाणारा वेळ यंत्रानें वांचविलेला वेळ खाऊन टाकी. १९४६ सालीं अमेरिकेंतील ओरेगन प्रांतांत जोसेफ बफर्ड कॉक्स नांवाचा एक लांकूडतोड्या जंगलांत एका बुंध्यापाशीं थबकला. बुंध्यांत अंगठ्याएवढी अळी लांकूड पोखरीत होती. ती तंतूंच्या दिशेनेंहि खात होती आणि तंतूंना आडवीहि खात होती, तितक्याच सहजतेनें. कॉक्सनें ती निरखून पाहिली. तिचे जबडे वाटोळ्या आंकड्यासारखे होते, आणि ती सरळ पुढें न चावतां डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे खरवडीत होती. त्याच घडणीचा, वरून वळवलेल्या कडेचा दांत त्यानें पोलादांत उतरविला. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. १९४७ सालीं ही सांखळी बाजारांत आली. आज जगांतील बहुतेक सांखळी-करवतींचे दांत तिच्याच वंशांतले आहेत.

या गोष्टीला मध्यप्रांताकडून पाहिलें म्हणजे एक गंमत दिसते. मंडला व बालाघाट जिल्ह्यांतील सालवृक्षांवर १९२० नंतरच्या दशकांत अशाच एका भुंग्याच्या अळीची मोठी धाड आली होती, आणि १९९० नंतरच्या दशकांत ती पुन्हां आली. येथील वनाधिकाऱ्यांनींहि ती अळी निरखून पाहिली. परंतु तिचा नाश कसा करावा या दृष्टीनें. दोन्ही निरीक्षणें आपापल्या जागीं योग्यच. एका अळीनें जंगलें उभ्याउभ्या वाळविलीं आणि तिच्या दूरच्या बहिणीनें जंगलें आडवीं पाडावयास शिकविलें, एवढें खरें.

दांत सुधारला आणि यंत्र झपाट्यानें हलकें झालें. १९५० सालीं श्टीलची एकट्यानें चालविण्याची १६ किलोची करवत आली, १९५९ सालीं १२ किलोची. त्याच १९५९ सालीं स्वीडनमधील हुस्क्वार्ना हा कारखाना या धंद्यांत उतरला. या कारखान्याचा आरंभ १६८९ सालीं बंदुका करण्यानें झाला होता आणि १८७२ पासून तो शिवणयंत्रेंहि करीत असे. हलकेपणाबरोबर धोके आले. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडाला नुसता टेकला तरी करवत डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. सततच्या कंपनानें रक्तवाहिन्या आंखडून बोटें पांढरीं व बधिर पडतात. १९६० नंतरच्या दशकांत जपानच्या जंगल-कामगारांत हा विकार इतका दिसून आला कीं त्याची दखल सरकारला घ्यावी लागली. मग मुठी व इंजिन यांच्यामध्यें रबर आलें, आणि उसळी बसतांच सांखळी आपोआप थांबविणारा ब्रेक आला. चालविणाऱ्याच्या विजारींत लांब, चिवट धाग्यांचे थर शिवलेले असतात. सांखळी मांडीला लागली तर ते धागे ओढले जाऊन दातेरी चक्रांत गुंततात व यंत्र बंद पडतें. विदर्भाच्या वैशाखांत अशी जाड विजार घालून उभें राहणें हें वेगळेंच तप आहे, आणि म्हणून ती बहुधा घरीं खुंटीवर राहते. ही गोष्ट क्षम्य वाटली तरी चुकीची आहे.

भारतांतील जंगलांत हें यंत्र उशिरां रुजलें. मजुरी स्वस्त होती आणि पेट्रोल महाग. मुंबई प्रांतांत १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊं लागल्या, कंत्राटदाराच्या तावडींतून तोडीचें काम सुटूं लागलें, पण हत्यारें तींच होतीं. १९७४ सालीं महाराष्ट्राचें वनविकास महामंडळ स्थापन झालें, तेव्हांहि कुऱ्हाड व दोघांची करवत यांचें राज्य संपलें नव्हतें.

या यंत्राचा न्याय करावयाचा तर वर्धा जिल्ह्याइतकें योग्य ठिकाण दुसरें नाहीं. याच जिल्ह्यांत, वर्ध्याच्या मगनवाडींत, १९३४ सालच्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें होतें. जे. सी. कुमारप्पा तेथें हातकागदापासून तेलघाणीपर्यंत प्रत्येक अवजाराचा विचार करीत, आणि १९३८ सालच्या डिसेंबरांत गांधीजींनीं तेथील मगन संग्रहालयाचें उद्घाटन केलें. गांधीजींनीं सर्वच यंत्रें त्याज्य मानलीं नव्हतीं. १९२४ सालच्या एका संभाषणांत त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण त्यानें माणसाचे कष्ट हलके होतात आणि माणूस त्याचा धनी राहतो. सांखळी-करवत कोणत्या पारड्यांत पडते? ती एका माणसाच्या हातांत मावते, त्याच्या मालकीची असूं शकते, आणि तिनें खड्ड्यांतल्या त्या खालच्या आरेकऱ्याचे डोळे वांचविले. येथवर ती शिवणयंत्राची सखी. पण तिनें जोडींतल्या दुसऱ्या माणसाचें काम काढून घेतलें. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी कीं तिनें थकवा काढून घेतला. दोघांना अर्धापाऊण तास लागणारें झाड आतां कांहीं मिनिटांत पडतें. पूर्वीं दिवसाची तोड दंडाच्या बळानें ठरे, आणि संध्याकाळीं दंड थांबत. इंजिनाला संध्याकाळ नसते. जें काम पूर्वीं शरीराची मर्यादा बजावीत होती, तें आतां कायद्याला बजवावें लागतें.

कायदे आहेत. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यानें सागवान, आंबा, मोह, चिंच, जांभूळ यांसारखीं अनुसूचीतलीं झाडें स्वतःच्या शेतांतहि परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. शहरांतील झाडांसाठीं १९७५ चा वेगळा कायदा आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन प्रकरणांत दिलेल्या आदेशानें केंद्र सरकारच्या मंजुरीवांचून वनांत चालणाऱ्या आरागिरण्या बंद करावयास लावल्या. आणि जामहून चंद्रपूरमार्गें पुढें गेल्यास आलापल्लीजवळ जुन्या सागवानाचा एक राखलेला तुकडा आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून तो ओळखला जातो व २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील बुंध्यांवर एकाहि हत्याराची खूण करावयाची नाहीं, असें ठरलें आहे.

आतां ज्यांना हें यंत्र वापरणें भागच आहे त्यांच्याविषयीं. बांधावरच्या बाभळी-निंबाच्या फांद्या छाटणारा शेतकरी दुकानांत जातो आणि सर्वांत मोठें इंजिन मागतो. त्याला बारा ते सोळा इंची पट्टी आणि चाळीस घनसेंटिमीटरच्या आसपासचें इंजिन पुरतें. त्याहून मोठें यंत्र तासाभरांत हात गाळून टाकतें, आणि गळालेल्या हातांतच उसळी बसते. मोठे ओंडके रोज कापणाऱ्यास अठरा-वीस इंची पट्टी व पन्नास-साठ घनसेंटिमीटरचें इंजिन लागतें. पेट्रोलांत टू-स्ट्रोकचें तेल मिसळावयाचें, जुन्या लुनेच्या टाकींत मिसळीत तसेंच. चांगल्या तेलाचें प्रमाण बहुधा पन्नासास एक, परंतु यंत्राच्या पुस्तिकेंत जें छापलें असेल तेंच प्रमाण मानावें. सांखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिचें तेल पोंचतें कीं नाहीं हें पाहण्याची सोपी युक्ति आहे: पट्टीचें टोंक कोरड्या फळीपासून वीतभर दूर धरून इंजिन वाढवावें, फळीवर तेलाच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे. सांखळी थंड असतांना ताणावी, पट्टीला खालून लागून बसावी, तरी हातमोजा घालून ओढल्यास सहज सरकावी. तापलेल्या सांखळीला ताणून तशीच रात्रभर ठेवल्यास ती आंखडून पट्टीला व दांड्याला ओढ बसते.

आणि दांत. सागवानांत वाळूच्या जातीचा सिलिका नांवाचा अंश असतो, म्हणून सागवान कापतांना दांत लवकर मरतात. जमिनीला एकदां टेकलेली सांखळी तर जागच्या जागीं मरते. ती मेली हें ओळखण्यास डोळा पुरे. धारेच्या दांतांतून लांकडाचे कपटे उडतात, बोथट दांतांतून पीठ. पीठ दिसूं लागलें म्हणजे जोर न लावतां थांबावें. सांखळीच्या मापाप्रमाणें चार ते साडेपांच मिलिमीटर जाडीची गोल कानस घ्यावी, दांताच्या कडेशीं सुमारें तीस अंशांचा कोन धरावा, आणि आंतून बाहेर, फक्त जातांना दाब देऊन, दोनतीन हात मारावेत; प्रत्येक दांताला सारखेच. डाव्या बाजूचे दांत उजव्यांहून लांब राहिले तर काप वांकडा जातो आणि माणूस पट्टीला दोष देतो. दर दांताच्या पुढें जो लहान उंचवटा असतो, तो दांताच्या टोंकापेक्षां सुमारें अर्धा ते पाऊण मिलिमीटर खालीं हवा. जुन्या करवतीच्या आंखूड दांताचा तो वारस. त्याचें कामहि तेंच आणि त्याच्याबद्दलची चूकहि तीच. उतावळा माणूस तो अधिक खालीं घासतो, करवत अधाशी होते आणि मग उसळते.

लांकूडतोडीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो व मृगापूर्वीं संपतो. तेव्हां टाकींतलें पेट्रोल काढावें, उरलेलें संपेपर्यंत इंजिन चालूं ठेवावें, हवेच्या गाळणीला बसलेली काळ्या मातीची धूळ धुऊन गाळणी वाळवावी, पट्टी उलटी करून ठेवावी म्हणजे पुढील हंगामांत दुसरी कड झिजेल. सांखळी सोडून तेलांत बुडवून ठेवतात. कानस मात्र तेलांत ठेवीत नाहींत. ती कोरड्या फडक्यांत गुंडाळून, दातांना दुसरी कानस लागणार नाहीं अशी, वेगळी ठेवतात.